ठिपक्यांची सातवी लाईन

३ फेब्रुवारी, सोमवार

घ्या! तीस वर्षांचा आराखडा, आणि तो द्यायचा जूनअखेर. मोठ्या बाई आज मीटिंगमध्ये इतक्या सहज बोलल्या, जणू कोपऱ्यावरून दूध आणायला सांगताहेत. मोठ्या बाई म्हणजे आमच्या ट्राम खात्याच्या प्रमुख. मी नियोजनात. पुढची तीस वर्षं या शहरात ट्रामचे रूळ कुठे पडणार, कुठली लाईन आधी, कुठली नंतर, हे सगळं नकाशावर मांडायचं माझ्या बोडक्यावर.

ऑफिसात जे बोलता येत नाही ते कुठेतरी ओकायला हवं, म्हणून ही वही. उदाहरणार्थ हे: सातव्या लाईनवर माझी सख्खी बहीण राहते, आणि खात्यात कुणालाही ते माहीत नाही. कळलं तर दुसऱ्या दिवशी आराखडा माझ्या हातून काढून घेतील. नियमच आहे तसा.

सातवी अजून कागदावरच आहे. आमच्या नकाशात धावणाऱ्या लाईनी सलग रेघेने दाखवतात आणि पुढेमागे करायच्या त्या ठिपक्यांनी. ठिपके ज्या गल्लीवरून जातात तिथे आरक्षण पडतं. मग तिथे नवीन बांधायचं नाही, मजला चढवायचा नाही, भिंत पाडून परत उभी करायची नाही. उद्या रूळ टाकायला जागा मोकळी नको का? बरोबरच आहे. पण ताईचं घर नेमकं त्या पट्ट्यात आहे. खाली पडदे शिवायचा कारखाना, वर दोन खोल्या. मागच्या भिंतीला पोट आलंय आणि दुरुस्तीची परवानगी काही मिळत नाही.

उपाय सोपा आहे. सातवी पहिल्या टप्प्यात घ्यायची. पहिला टप्पा म्हणजे ताबडतोब जागा ताब्यात, ताईला नवं घर, नवा कारखाना, पक्क्या भिंती. जून उजाडू दे, ताईचं काम झालंच म्हणून समज.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर ताईकडे गेले. मागच्या खोलीत जाड लाकडी टेकू लावलेत, जमिनीपासून थेट भिंतीच्या पोटापर्यंत. भाऊजींचा पलंग पुढच्या खोलीत आलाय. दम्याने माणूस निम्मा झालाय, पण तोंड म्हणून थकत नाही.

"ये इंजिनियर, ये! ट्रामने आलीस का चालत?"

"चालत."

"अरेरे. मी इथे बसून घंटेकडे कान लावलेत गेली बारा वर्षं."

ताई मशीनवरून उठली नाही. कुठल्याशा हॉटेलचे पडदे होते, मळकट हिरवे, ढीगभर. शिवता शिवताच म्हणाली, "ती रेघ जरा बाजूला सरकत नाही का गं? एक घर इकडे नाहीतर तिकडे?"

मी समजावून सांगितलं. ट्राम म्हणजे सायकल नाही, वाटेल तिथे वळवायला. वळणाला जागा लागते, तिकडच्या कोपऱ्यावर ती मिळते म्हणून तर लाईन इथून गेली.

"मग खोडता येत नाही?"

खोडायची! मी उडालेच. "ताई, एकदा नकाशावरून गेलेली लाईन परत येत नसते. आणि आता? आता होणारच आहे तर?"

"होणार आहे हे तू मला मागच्या वर्षीही सांगितलंस."

मला राग आला. चहा अर्धा टाकून निघाले. माणूस कुणासाठी एवढी मरमर करतो?

२० फेब्रुवारी

आमच्याकडे प्रवाशांचे अंदाज काढणारा एक जण आहे. सगळे त्याला ज्योतिषी म्हणतात आणि तोही ओ देतो. कुठे किती घरं, किती दुकानं, किती शाळा हे सगळं कॉम्प्युटरात भरतो आणि पुढच्या काळात कुठल्या थांब्यावर किती माणसं चढतील ते सांगतो. आज उतरलेल्या चेहऱ्याने माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, सातवीची पत्रिका वाईट आहे."

"म्हणजे?"

"मागचा आराखडा झाला तेव्हा ती गल्ली नुसती वाहत होती. आता निम्मी दुकानं बंद. वरचे मजले रिकामे. चढणार कोण?"

"गेली कुठे माणसं?"

"दुरुस्ती करता येत नाही, विकता येत नाही, बँक दारात उभं करत नाही. आरक्षण आहे ना मॅडम. राहून काय करतील?"

मी म्हटलं, लोकांना जरा म्हणून धीर नाही. त्याने मान हलवली आणि गेला. हल्ली हा फार आगाऊ झालाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

स्वतः गल्लीत फिरून आले. ताईला कळवलं नाही. बटणांचं दुकान बंद, घड्याळवाल्याचं बंद, फ्रेमवाल्याची पाटी तेवढी लटकतेय. चावीवाला मात्र आहे. मी वहीत टिपून घेतेय बघून त्याने विचारलं, "मोजायला आलात? मोजा, मोजा. फार वेळ नाही लागायचा."

वाईट वाटलं. खरंच वाटलं. ही माणसं जरा थांबली असती तर ट्राम त्यांच्या उंबऱ्याशी येणार होती. आता यांच्या उतावळेपणामुळे माझी सातवी गोत्यात आलीय.

६ मार्च

आज बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. नकाशा टेबलावर पसरलेला. सातवीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही काढून टाका."

मी म्हटलं, सातवी गेली तर तिसरी आणि पाचवी कुठेच एकमेकींना भेटत नाहीत. दवाखान्यातून स्टेशनला जायचं तर माणसाला अख्ख्या शहराला वळसा. हे खोटं नाही. मी काही फक्त ताईसाठी भांडत नाहीये. सातवीशिवाय हे जाळं म्हणजे दोन तुकडे आहेत, आणि ते दिसत असताना गप्प बसणारा माणूस नियोजनात कशाला हवा?

बाईंनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढला. "तुमचं पटतं मला. पण माणसं कुठेत तिथे? काढली की आरक्षणही उठेल. ते लोक तरी सुटतील बिचारे."

सुटतील म्हणे! पडक्या घरांत राहतील, दुसरं काय. ताईला या वयात भिंत बांधत बसायला लावू? तिला नवं घर मिळायला हवं. मी शब्द दिलाय.

महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

१४ मार्च

ज्योतिष्याला कँटीनमध्ये गाठलं. म्हटलं, लाईनच्या टोकाला गोदामांचं मैदान आहे, तिथे वसाहत होणार असं धरून अंदाज काढा.

"कोण बांधणार आहे?"

"कोणीतरी बांधेलच. ट्राम आली की बांधतील."

"आणि वसाहत झाली की ट्राम येईल. असंच ना?"

"हो."

त्याने बराच वेळ मान चोळली. भला माणूस आहे. शेवटी म्हणाला, तुमच्या सहीने देतो. मी सही केली.

आकडे सुधारले. पण पहिल्या टप्प्याला पुरत नाहीत. दुसऱ्यालाही नाही. आता काय करू? मला काहीही सुचत नाहीये.

२७ मार्च

जेवण जात नाही. नकाशा डोळ्यांपुढून हलत नाही. ताईचा फोन आला होता, मागच्या भिंतीचा गिलावा पडला, सगळी रिळं मातीत. म्हणाली, "काही कळलं का गं?" मी म्हटलं, चाललंय. ती म्हणाली, "बरं." तिच्या त्या "बरं"ची मला भीती वाटायला लागलीय. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मी हरतेय. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या उठल्यावर खोटी आशा नको.

९ एप्रिल

वाचली! सातवी वाचली!

सकाळी बाई म्हणाल्या, शेवटचं विचारते, काढायची ना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिसऱ्या टप्प्यात टाकू." तिसरा टप्पा म्हणजे आराखड्याचं शेवटचं दशक. आत्ता एक पैसा लागत नाही, कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही, फक्त ठिपके जागेवर राहतात. बाईंनी खांदे उडवले. म्हणाल्या, "ठीक. तुमचा जीव अडकलाय एवढा तर राहू दे."

बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. आनंदाने. ज्योतिष्याला सांगितलं तर तो नुसतं "अभिनंदन, मॅडम" म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. असो. प्रत्येकाला दुसऱ्याचा आनंद सोसतोच असं नाही.

१३ एप्रिल, रविवार

काय लिहू?

केक घेऊन ताईकडे गेले. दारातूनच ओरडले, "राहिली! सातवी राहिली आराखड्यात!" ताई उठून उभी राहिली. किती दिवसांनी तिला अशी झटकन उठताना बघितलं. तिने माझे दोन्ही हात धरले. "म्हणजे होणार? कधी?"

मी सांगितलं.

तिने माझे हात सोडले. रागाने नाही, नुसते सोडले. भाऊजींनी पलंगावरून हिशोब केला आणि हसायला लागले, हसता हसता खोकला सुरू झाला. "अगं, तेव्हा मी फोटोत असेन. आणि फोटो टांगायचा तर भिंत नको का?"

"तोवर आरक्षण?" ताईने विचारलं.

"राहील. राहायलाच हवं, नाहीतर जागा…"

"म्हणजे तोवर मी भिंत बांधायची नाही."

"ताई, बाई लाईनच काढून टाकत होत्या! मी भांडले म्हणून राहिली!"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी परक्या भाषेत बोलत होते. "काढून टाकत होत्या? आणि तू भांडलीस?" मग अगदी हळू म्हणाली, "मी फक्त विचारते हं. मुळात ही रेघ आमच्या दारावरून काढली कुणी?"

"मी काढली! तुझ्यासाठी काढली! तुझे गुडघे, भाऊजींचा दमा, दारात ट्राम आली की तुम्हाला किती बरं, म्हणून मी तेव्हाच्या साहेबांच्या मागे लागून लाईन स्टेशनरोडवरून तुमच्या गल्लीत ओढून आणली! तुला काय माहीत मी तेव्हा काय काय केलं ते!"

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, पहिली ट्राम सुटेल त्या दिवशी सांगेन. कापायच्या टेबलावर अर्ध्यात तिचे पडदे आणि अर्ध्यात माझे नकाशे, असं करून तिने मला शिकवलं. काहीतरी परत द्यायचं होतं मला.

ताई खाली बसली. म्हणाली, "केक घेऊन जा घरी. इथे मुंग्या होतात."

भाऊजी म्हणाले, "राहू दे गं, एक तुकडा तरी…" पण तिने ऐकलं नाही.

१२ मे

आराखड्याचा मसुदा लागून महिना होत आला. लोकांच्या हरकती येताहेत. मला एकेक वाचून शेरा मारायचा असतो, मान्य करावी किंवा अमान्य करावी. बहुतेक नेहमीचंच, थांबा माझ्या दुकानासमोर नको, आवाज होतो, झाड तुटतं.

सातव्या लाईनवर एकच हरकत आली. बाकी हरकत घ्यायला उरलंय कोण? अक्षर बघूनच ओळखलं. लांब शेपटाचा र, मापाच्या चिठ्ठ्यांवर असतो तोच. "ही लाईन आराखड्यातून वगळावी, ही विनंती." खाली ताईची सही.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्याविरुद्ध? फोन उचलून जाब विचारणार होते. मग लक्षात आलं, हरकतदाराशी बोलायला आम्हाला मनाई आहे. खरं तर बरंच झालं. मी काय बोलले असते?

त्या रविवारपासून एकदाही बोलणं नाही.

२९ मे, गुरुवार

आज सुनावणी झाली. लांब टेबलामागे अध्यक्ष, बाई आणि मी. समोर एक खुर्ची. ताईचा नंबर लागला. निळी साडी, कार्यक्रमांना नेसते ती. खुर्चीवर बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

अध्यक्षांनी सगळ्यांना विचारतात तेच तिलाही विचारलं. "खात्यातल्या कुणाशी नातं, ओळख?"

ताईने आमच्या तिघांकडे ओळीने बघितलं. माझ्यावर नजर जराही थांबली नाही. "नाही," म्हणाली.

मग बोलली. तिला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "मी पडदे शिवते, साहेब. गिऱ्हाईक माप देतं, मी कापड कापते. पण मी कधी कुणाला असं सांगितलं नाही, की पडदा तीस वर्षांनी देईन, तोवर खिडकीला दुसरं काही लावायचं नाही. आमच्या गल्लीत असं चाललंय. ट्राम आणायची तर आणा, आम्ही उठतो. नाही आणायची तर आम्हाला आमची भिंत बांधू द्या. दोन्हींतलं एक द्या. मधलं नका देऊ."

बाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या. अध्यक्ष म्हणाले, खात्याचा अभिप्राय येईल तसं ठरवू. खात्याचा अभिप्राय म्हणजे मी.

केवढी शहाणी आहे माझी ताई! एका "नाही"ने माझी नोकरी वाचवली. भांडण असलं तरी रक्ताचं नातं शेवटी उभं राहतंच, हे मी मनाला दिवसभर सांगत होते. पण घरी येऊन कुलूप काढताना हात असे गार पडले की किल्ली लागेना. ती ज्या आवाजात "नाही" म्हणाली, तो आवाज मला ओळखीचा नव्हता.

२ जून

शेरा लिहायचा होता. तीन दिवस कागद पुढे घेऊन बसतेय.

"मान्य करावी" एवढे दोन शब्द. लिहिले असते तर ताईची भिंत उभी राहिली असती, मला कळतं ते. मी काय दगड नाही. पण मग तिसरी आणि पाचवी कधीच भेटणार नाहीत. एवढ्या वर्षांची माझी लाईन एका ओळीत जाणार. आणि बहिणीची बाजू घेतली असं उद्या कुणी म्हणालं तर? आपल्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच कडक असायला हवं.

लिहिलं: "हरकतदारांची अडचण समजण्यासारखी आहे. तथापि संपूर्ण जाळ्याचं दूरचं हित पाहता हरकत अमान्य करावी."

ज्योतिष्याने वाचलं. त्याला ताई कोण हे माहीत नाही. तरी म्हणाला, "मॅडम, त्या बाई चांगलं बोलल्या असं ऐकलं."

मी म्हटलं, चांगलं बोलण्यावर रूळ पडत नसतात.

मग जिन्यात जाऊन उभी राहिले. कुणी विचारलं, काय होतंय, तर काय सांगू मी? सगळं बरोबर केलंय आणि जीव जातोय नुसता.

३० जून

आराखडा मंजूर झाला. एकमताने. टाळ्या वाजल्या, बाईंनी माझं नाव घेतलं. सातवी नकाशावर आहे, ठिपक्यांत, आपल्या जागी.

आजच ताईच्या घराला धोकादायक इमारतीची नोटीस लागली. मी मुद्दाम त्या बाजूने गेले म्हणून दिसलं. मागची भिंत वरच्या अर्ध्यात बसलीय. माणसांना काही झालं नाही, चावीवाल्याने सांगितलं. आठवड्यात घर रिकामं करायचंय. मी दाराशी उभी राहिले. आत मशीन उचलल्याचे आवाज येत होते. ताई कुणाला तरी सांगत होती, "जपून, पाय मोडेल त्याचा."

कडी वाजवायला हात उचलला होता. वाजवली नाही. काय म्हणून जाणार होते मी आत?

१४ जुलै

आज भाऊजींचा फोन आला! ताईचा नाही, पण घरातून आला हेच खूप. मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

शहराच्या पार बाहेर, वीटभट्ट्यांच्याही पुढे, छोटं घर घेतलंय. भाड्याचं नाही, स्वतःचं. होतं नव्हतं ते सगळं घातलं म्हणाले.

"भिंती कशा आहेत?"

"एक नंबर! ताई तुझी रोज हात लावून बघते. पुढच्या अंगाला एक खोली वाढवणार आहे म्हणते, मशीनं लावायला. माझा दमाही बरा आहे बघ, हवा मोकळी आहे."

"ताई बोलेल का?"

"बोलेल गं. वेळ दे थोडा." मग आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाले, "बाकी सगळं झकास. येण्याजाण्याचे तेवढे हाल. बस नाही, काही नाही. दवाखान्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो."

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. दिवस मोडतो! त्या माणसाचा दमा आणि त्या बाईचे गुडघे!

१५ जुलै

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. मंजूर आराखड्यात किरकोळ विस्तार सुचवायला महिनाभराची सवलत असते, आणि सहसा त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. नकाशा उघडला. दुसरी लाईन वीटभट्ट्यांच्या अलीकडे संपते. तिथून पुढे सपाट रान आहे, वळणाला हवी तेवढी जागा. कुणी सुचवलंच कसं नाही आजवर?

ज्योतिषी आला तेव्हा माझं काम झालं होतं. तो मागे उभा राहून बघत होता. "मॅडम, तिथे तर चारदोन घरं आहेत."

"होतील अजून."

"टप्पा?"

"सध्या तिसरा. पुढचं पुढे बघू. जागा तरी राखून ठेवायला हवी, आत्ताच कुणीतरी खोल्या वाढवून बसलं तर नंतर पंचाईत."

तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला. बाईंनी दुपारी न बघता सही केली.

ताईला इतक्यात सांगणार नाही. रागावलीय, उगाच काहीतरी बोलेल. पण कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटतंय. भाऊजींनी सांगितलेला पत्ता नकाशावर नीट शोधून घेतला आणि थांबा बरोबर त्यांच्या घरासमोर टाकला, म्हणजे ताईला अजिबात चालावं लागणार नाही.